बद्द वाजणारा ड्रायव्हर

आमचे सासरे कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी ती बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. नारळ, कलिंगड, माठ हे मी समजू शकते. पण बाबा प्रेशर कुकर वाजवायचे, कपाटाची दारं वाजवायचे. आम्ही नवी गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये तिचं बॉनेट त्यांनी असं काही ठोकलं की सेल्समन हातातला चहा ठेवून धावत आला. वाजवायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. 'खणखणीत' नाहीतर 'बद्द'. बद्द वस्तू घरात येत नसे. माझा नवरा मिलिंद लग्नानंतर कितीतरी दिवस मला चिडवायचा, "तू पाया पडलीस तेव्हा बाबांनी डोक्यावर हात ठेवला ना, तो आशीर्वाद नव्हता. वाजवून घेतली तुला."

ही खोड माहुलची. तिथल्या रिफायनरीत त्यांनी सगळी नोकरी काढली, ऑपरेटर म्हणून लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. टाकीत तेल कुठवर आहे ते म्हणे बाहेरून ठोकून कळतं, भरल्या जागेचा आवाज वेगळा आणि रिकाम्या जागेचा वेगळा. पुढे मीटर आले, कॉम्प्युटर आले, पण बाबांचं बोट काही थांबलं नाही. "काटा अडाकता," ते म्हणायचे, "आवाज अडाकना नाय." एरवी बाबा स्वच्छ मुंबईचं मराठी बोलत. पण चिडले, किंवा एखादं मत ठाम असलं, की तोंडातून मालवणी बाहेर पडायची. आणि मतं तर सगळीच ठाम होती, त्यामुळे घरात मालवणीच जास्त ऐकू यायची.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत त्यांना 'गोल्फवाले परब' म्हणत. गिरणी कामगाराचा मुलगा, चाळीच्या गॅलरीत झोपून वाढलेला, आणि गोल्फ. परबांच्या सात पिढ्यांत हा खेळ कुणी ऐकला नव्हता. तरुणपणी कधीतरी रिफायनरीच्या साहेबलोकांना रविवारी खेळायला एक माणूस कमी पडला, तेव्हा ह्यांना ओढून नेलं, आणि ते गेले ते तिथलेच झाले. माझ्या सासूबाईंचं ह्यावरचं मत मला फार पटायचं. त्या म्हणायच्या, "आधी एवढ्या लांब मारायचा, आणि मग तोच शोधत उन्हातून हिंडायचं. ह्याला खेळ म्हणतात?"

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण लग्न होईपर्यंत मलाही नव्हतं. गोल्फच्या पिशवीतली सगळ्यात लांब काठी, जिचं डोकं रताळ्यासारखं फुगीर असतं, तिला ड्रायव्हर म्हणतात. होलच्या, म्हणजे एकेका टप्प्याच्या, सुरुवातीला चेंडू जितका लांब जाईल तितका फेकायचा, तो हिच्यानं. बाबांचा ड्रायव्हर फार जुना होता. डोकं धातूचं, दांडा ताठ, आणि चेंडूला लागणारं तोंड जवळजवळ उभं, भिंतीसारखं. चेंडूला बसला की 'टण्ण' असा आवाज यायचा. देवळातल्या घंटेसारखा तो आवाज मैदानभर जायचा आणि लांब दुसऱ्या होलवरचे लोक म्हणायचे, परबांनी मारला.

आणखी एक ऐट होती त्यांची. फटका मारला की बाबा चेंडूकडे बघत नसत. बाकीचे लोक कपाळावर हात धरून, माना लांब करून बघत राहायचे, आणि बाबा खाली वाकून जमिनीतली टी, म्हणजे चेंडू ठेवायची छोटी खुंटी, उपटायचे, खिशात टाकायचे आणि चालू लागायचे. रविवारी एकत्र खेळणाऱ्या त्यांच्या चौकडीतले शहाकाका नव्या लोकांना कौतुकानं सांगत, "परब बघत नाय. एने खबर होय." त्याला ठाऊकच असतं. शहाकाका घाटकोपरचे. बाबांबरोबर रिफायनरीत होते, त्यांच्याइतकीच वर्षं गोल्फमध्ये घालवलेले, आणि भांडायला मात्र बाबांपेक्षा कमी.

आता मी कशानं वैतागले ते सांगते.

त्या मैदानाच्या सातव्या होलवर मध्येच एक रुंद नाला आडवा जातो. ह्या चौकडीचा एक नियम होता. दिवाळीच्या आदल्या रविवारी त्यांचा वर्षाचा मोठा डाव असायचा. त्या डावात सातव्या होलवर ज्याचा पहिला फटका नाला ओलांडणार नाही, त्यानं चौकडीतून उठायचं आणि जागा नव्या माणसाला द्यायची. हा आचरट नियम कुणी केला? आमच्याच बाबांनी. तरुण होते, दंडात जोर होता, केला. आणि त्याच नियमानं एका जुन्या दोस्ताला त्यांनी एका दिवाळीला उठवलंही होतं. मागल्या दिवाळीला बाबांचा स्वतःचा चेंडू पलीकडच्या काठाच्या दगडावर आपटून कसाबसा वर गेला. ह्या वर्षी तर साध्या रविवारीसुद्धा तो दर खेपेला नाल्यातच जात होता. शहाकाका म्हणाले, "परब, छोड ना यार, नियम आपणच केला, आपणच मोडू." बाबा म्हणाले, "दुसऱ्याला उठवताना नाही मोडला. माझ्या वेळेला मोडायचा?"

सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला रविवार सोडला तर काही उरलं नव्हतं. रविवारी ते स्वतःहून दाढी करायचे. रविवारी पोह्यांना नावं ठेवायचे. सोमवार ते शनिवार टीव्हीसमोर बसून असायचे, आणि टीव्हीवर काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही. रविवार गेला तर हा माणूसही फार दिवस राहणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, "वय झालं की सुटतातच गं गोष्टी." मुलगे असे बोलू शकतात. सकाळ-संध्याकाळ त्या माणसासमोर चहा ठेवणारी बाई नाही बोलू शकत.

गाडी चालवणं बाबांनी आदल्या वर्षीच सोडलं होतं, 'ट्रॅफिकचा कंटाळा आला' म्हणून. तेव्हापासून रविवारी त्यांना मुलुंडहून मैदानावर मीच न्यायचे आणि त्यांच्याबरोबर चालायचे. बघून बघून मला एवढं कळलं होतं की दोष बाबांच्या वयात कमी आणि त्या ड्रायव्हरमध्ये जास्त आहे. मी शोधाशोध केली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात तेजल नावाची एक मुलगी लोकांचा स्विंग, म्हणजे काठी फिरवायची पद्धत, मापून ड्रायव्हर बसवून देते, शिंप्यानं माप घेऊन सदरा शिवावा तसा. बोरीवलीची, गुजराती, मराठी माझ्याहून फर्डं. फोनवरच तिनं मला सांगितलं, "स्विंग हळू झाला की तोंड जास्त तिरकं लागतं आणि दांडा हलका, लवचीक लागतो. चेंडू हवेत चढला तर लांब जाणार ना. लोकांना वाटतं उभं तोंड आणि ताठ दांडा म्हणजे लांब. उलट आहे."

बाबांना तयार करायलाच पावसाळा निम्मा गेला. शेवटी एका शनिवारी पवईच्या ट्रॅफिकमधून रडतखडत आम्ही पोचलो. आत हिरवी चटई, समोर जाळी आणि पडदा, बाजूला जमिनीवर डब्याएवढं मशीन. भिंतीवर ओळीनं नवे ड्रायव्हर लावलेले. बाबांनी काय करावं? पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेकाचं डोकं टकटक वाजवत गेले. "बद्द. बद्द. हा पण बद्द. ह्यांच्यात भरलंय काय, भुसा?" तेजल शांतपणे म्हणाली, "अंकल, आता वरचा भाग कार्बनचा असतो, वजन खाली आणायला. आवाज मऊ येतो, पण चेंडू जास्त जातो." बाबा म्हणाले, "आवाज मऊ म्हणजे फटका मऊ." झालं. एका वाक्यात सगळ्या नव्या तंत्रज्ञानाचा निकाल.

मग चटईवर उभे राहिले. तेजल म्हणाली, "जोर लावू नका हं, नेहमी मारता तसाच मारा." बाबांनी घड्याळ काढलं, बाह्या सरसावल्या, दात आवळले आणि लाकूड फोडावं तसा ड्रायव्हर हाणला. असा स्विंग मी त्यांचा जन्मात बघितला नव्हता. पुन्हा हाणला. पुन्हा. पडद्यावरचे आकडे मीच वाचून दाखवत होते, कारण बाबा हाताची घडी घालून म्हणायचे, "तूच वाच, मला आकड्यांत रस नाही." घामानं थबथबलेले, पण खूश. त्या वेगाला मशीननं अर्थातच ताठ दांडा सांगितला आणि उभं तोंड सांगितलं. तेजलनं तसा एक ड्रायव्हर आठवडाभर वापरून बघायला दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "हा त्यांचा स्विंग नाहीये ना?" मी म्हटलं, "अजिबात नाही." ती म्हणाली, "सगळे असंच करतात. वजनकाट्यावर उभं राहिलं की पोट आत घेतात, तसं."

रविवारी तो ड्रायव्हर घेऊन सातव्या होलवर उभे राहिले. इथं मशीन नव्हतं, त्यामुळे स्विंग नेहमीचा, सावकाश. चेंडू खालून खालून सरपटत गेला आणि नाल्यात. पण एक गोष्ट त्या दिवशी मला खटकली. फटका मारल्यावर बाबा वाकले नाहीत. टी तशीच जमिनीत, आणि ते तसेच उभे. क्षणभरानं शहाकाकांना म्हणाले, "काय रे?" शहाकाका म्हणाले, "काय, काय?" बाबा म्हणाले, "काही नाही." परतीच्या वाटेवर गाडीत ते कमरेला हात लावून बसले होते आणि मी मनातल्या मनात शनिवारचे ते लाकूडफोडे फटके आठवत दात खात होते.

दुसऱ्या खेपेला तेजलनं खरं बोलायचं ठरवलं. म्हणाली, "अंकल, मी तुम्हाला सीनियर दांडा देते." संपलं. बँकेत ज्येष्ठ नागरिकांची वेगळी रांग असते, बाबा कधी तिच्यात उभे राहिले नाहीत. बसमध्ये कुणी जागा दिली तर ते पुढच्याच स्टॉपवर उतरायचे आणि उरलेलं चालत जायचे. त्या माणसाला ही सांगते सीनियर दांडा. "सीनियर कोण? मी म्हातारो झालंय काय?" असं म्हणून बाबा गाळ्याबाहेर जाऊन उभे राहिले, थेट रिक्षा शोधायला. मी मागून धावले. "बाबा, ते फक्त नाव आहे हो, लेबल आहे." "नाव आहे तर बदला म्हणावं. मऊ म्हणा, पातळ म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा." पूर्ण लिंक रोडभर ते गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर मी कुकर असा आपटला की त्यांनी आतून विचारलं, "बद्द का वाजला गो?"

गंमत म्हणजे दुसऱ्याला शिकवताना हाच माणूस किती वेगळा होता. अधूनमधून संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये ते मला छत्री हातात देऊन स्विंग शिकवायचे. मी धसमुसळी. मी छत्री अशी फिरवायचे की एकदा देशपांड्यांच्या स्कूटरचा आरसा तुटला. बाबा माझ्या हातातून छत्री घ्यायचे. "अशी नाही. बघ. सावकाश. चेंडू कुठे पळून जात नाही, तो जागेवरच आहे. तुलाच घाई." आणि मग ती छत्री जी वर जायची, वर क्षणभर थांबायची आणि खाली वाहत यायची, त्यात जोर म्हणून कुठे दिसायचा नाही. वॉचमन खुर्ची फिरवून बघत बसायचा. तो स्विंग त्यांचा. मला फक्त तो अंधेरीच्या त्या चटईवर हवा होता.

दिवाळी तोंडावर आली. मी तेजलला फोन केला, आमचं ठरलं, आणि मी बाबांना म्हटलं, "बाबा, मला माझ्यासाठी ड्रायव्हर घ्यायचाय. तुम्ही चला, तुम्हाला कळतं त्यातलं." शेवटच्या वाक्यानं काम केलं. गाळ्यात तेजलनं माझ्या हातात एक ड्रायव्हर दिला, तोंड चांगलं तिरकं, दांडा पिसासारखा हलका. मी मुद्दाम वाईट मारायची गरज नव्हती, मी मारते तशीच मारत होते. पहिला फटका हवेत. दुसरा चटईला. तिसऱ्याला चेंडू बाजूच्या भिंतीवर. मला दिसत होतं, मागे खुर्चीवर बाबांची बोटं चुळबुळत होती. चौथ्याला ते उठलेच. "दे इकडे. शंभरदा सांगितलं तरी हिला घाईच. बघ." आणि त्यांनी मला दाखवायला म्हणून, घड्याळ न काढता, बाह्या न सरसावता, पार्किंगमधला तो स्विंग मारला.

'थप्' एवढाच आवाज आला. तेजलनं माझ्याकडे बघितलं. पडद्यावर चेंडू चढत गेला, चढतच गेला, आणि खाली आला तेव्हा जो आकडा उमटला तो पहिल्या खेपेच्या सगळ्या लाकूडफोड्या फटक्यांपेक्षा मोठा होता. चांगला मोठा. "आता कळलं कसा मारायचा?" बाबा मला म्हणाले, आणि पुन्हा दाखवला. पुन्हा तेवढाच लांब. मी आकडा मोठ्यानं वाचला. म्हटलं, "बाबा, हा चेंडू नाला ओलांडून पार पलीकडे पडलाय. हाच ड्रायव्हर तुमचा. सातव्या होलला हाच घ्यायचा."

बाबांना समजलं. आम्ही दोघींनी मिळून काय केलं तेही समजलं. त्यांनी ड्रायव्हरचं डोकं वर धरलं, पेरानं वाजवलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "बद्द आहे. नको."

माझा तोल गेला. सासऱ्यांशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "अहो बाबा, तो नारळ नाहीये. तुम्हाला त्याची चटणी नाही करायची. समोर आकडा दिसतोय, चेंडू पलीकडे गेलेला दिसतोय, आणि तुम्ही आवाज काय घेऊन बसलात? पुढच्या रविवारी ते तुम्हाला उठवतील. मग काय करणार? टीव्ही वाजवत बसणार? तुम्हाला पुन्हा पुन्हा इथवर आणते, ते मी काय वेडी आहे म्हणून?" तेजल उगाच एक चिंधी घेऊन ड्रायव्हर पुसायला लागली.

बाबा खुर्चीवर बसले. ड्रायव्हर मांडीवर आडवा. मग बोलले ते मालवणीत, पण न चिडता. "समोर दिसता तुका. माका दिसना नाय गो."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काय दिसत नाही?"

"चेंडू. वर्ष झालं. पायापाशी आहे तोवर दिसतो. उडाला की गेला. नाला पण मला पट्ट्यासारखा दिसतो, करडा. टण्ण वाजला की मला कळायचं मधोमध बसला, सरळ गेला. जरा फाटका वाजला की कळायचं उजवीकडे गेला. तेवढ्यावर चालत होतो. हा थप् म्हणतो. थप् म्हणजे काय? गेला की मेला, मला काय कळणार? सगळ्यांच्या समोर विचारू, माझा चेंडू कुठे पडला म्हणून?"

गाडी चालवणं का सोडलं ते मला तेव्हा कळलं. पडद्यावरचे आकडे मला का वाचायला लावायचे तेही. आणि ती ऐट, फटका मारून वाकायचं आणि चालू लागायचं, जिचं शहाकाका नव्या लोकांना कौतुक सांगायचे. पूर्वी ती खरी असेल. ह्या वर्षभरात बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं म्हणून ते बघत नव्हते. मला रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता. घरात डोळ्यांना कमी दिसतंय आणि हा माणूस वर्षभर पेपर माझ्यापुढे करून म्हणतो, 'वाच जरा, चष्मा आत राहिलाय.' मी म्हटलं, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि ड्रायव्हर हाच घ्यायचा. चेंडू कुठे पडला ते मी सांगेन."

"तू खोटं सांगशील."

"मी कशाला खोटं सांगू?"

"माझं बरं वाटावं म्हणून. तुझी सासू पण सांगायची, मी केलेली भजी छान झाली म्हणून."

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा खराब होत चाललाय, आहे तेवढं टिकवू. बाबांनी ते ऐकून डॉक्टरांचं टेबल वाजवून बघितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "प्लायवूड."

दिवाळीच्या आदल्या रविवारी धुकट सकाळ होती. माहुलकडच्या रिफायनरीच्या चिमण्यांचा तो ओळखीचा वास खाली उतरला होता. सातव्या होलवर शहाकाकांचा चेंडू पलीकडे गेला, बाकीच्या दोघांचेही गेले. बाबा उभे राहिले. मी त्यांच्या मागे, चार पावलांवर. नवा ड्रायव्हर वर गेला, वर थांबला, खाली वाहत आला. थप्. मी चेंडूच्या मागे बघत राहिले. चढला, चढला, नाल्याच्या वर आला, पलीकडे उतरला, गवतात दोनदा उडाला आणि थांबला. मी म्हटलं, "गेला, बाबा. पलीकडे."

बाबा वाकले नाहीत. माझ्याकडे न वळता हळूच म्हणाले, "खरं सांग."

"खरंच गेला."

"तू खोटं बोलतेस."

सगळं मिळवून दिलं, माप घेतलं, भांडले, चोरून डाव रचला, आणि ज्या एका क्षणासाठी हे सगळं केलं त्या क्षणी हा माणूस मला खोटारडी म्हणतो. शहाकाका ओरडून सांगत होते, "परब, गयो, गयो." तर म्हणे, "शहा पण तुला सामील." मला तो ड्रायव्हर घेऊन नाल्यात फेकावासा वाटला. बाबा चालू लागले. पुलावरून पलीकडे गेले. मी बोट दाखवलं त्या बाजूला गवतात वाकले, आणि चाचपून चेंडू उचलला. त्यांच्या प्रत्येक चेंडूवर सासूबाईंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका असायचा, जाडसर. अंगठ्यानं त्यांनी तो ठिपका शोधला, आणि अंगठा तसाच त्याच्यावर ठेवून उभे राहिले.

मैदानात पडलेला चेंडू असा सरळ हातात उचलायचा नसतो. शहाकाका म्हणाले, "राहू दे परब, कुणी बघितलं नाही." बाबा म्हणाले, "मी बघितलं. एक फटका दंड लिही." त्या एका दंडानं ते डाव हरले. चौकडीतली जागा मात्र राहिली. गाडीत बसल्यावर मला वाटलं, आता तरी काही म्हणतील. मुलुंड येईपर्यंत वाट बघितली. लिफ्टमध्ये शिरताना म्हणाले, "बघितलंस ना? स्विंग चांगला असला की ड्रायव्हर कुठलाही चालतो."

मी सात मजले लिफ्टचे आकडे मोजत राहिले. बोलले असते तर भांडण झालं असतं.

त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत आणि तिच्याही पुढे ते खेळले. दर फटक्याला मी मागून सांगायचे, गेला, उजवीकडे गेला, झाडात गेला, आणि दर फटक्याला ते म्हणायचे, खोटं बोलतेस. झाडात गेला म्हटलं तर मात्र लगेच पटायचं. मग एका सोमवारी, रविवार पार पडल्यावर, दुपारच्या झोपेत गेले. रविवारचा डाव चुकू नये म्हणून वार बघून गेल्यासारखे.

तो ड्रायव्हर माझ्याकडे आहे. तेजलला म्हटलं, हा माझ्या स्विंगला बसवून दे. तिनं मला चटईवर उभं केलं, आकडे बघितले आणि म्हणाली, "दीदी, खरं सांगू? हा दुसऱ्या कुणालाच लागणार नाही. तुम्ही एवढ्या घाईत मारता की ह्याच्यानं चेंडू डावीकडेच जाणार. नवा घ्या." मी नवा घेतला नाही. पुढे शहाकाकांचा फोन आला, "बेटा, चौथा माणूस नाय. तू ये." मी म्हटलं, माझा चेंडू नाला ओलांडत नाही. ते म्हणाले, "नियम परब घेऊन गेला. तू ये." गेले. जाते. माझे चेंडू बहुतेक नाल्यातच पडतात, नाहीतर डावीकडच्या झुडपात, आणि मी दर रविवारी वैतागून घरी येते.

गेल्या रविवारी सातव्या होलवर मी इतकी दमले होते की घाई करायचंही अंगात राहिलं नव्हतं. ड्रायव्हर वर गेला तो गेलाच, वर थांबला, आणि आपला आपण खाली आला. थप्. चेंडू सरळ चढला आणि नाल्याच्या पलीकडे गवतात जाऊन पडला. सवयीनं मी मागे वळले आणि म्हटलं, "गेला, बाबा."

मागे, मी उभी राहायचे त्या चार पावलांवर, कुणी नव्हतं. मी तशीच उभी राहिले. एकदा तरी कुणी म्हणावं, खोटं बोलतेस.